हाडातील धातूला कल्हई : हाडाला आमंत्रण, जंतूंना मज्जाव



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत शिक्षण, नोकऱ्या आणि सामाजिक प्रश्न यांवर जाणकार मंडळी दरवर्षी लिहीत असतात. यंदा आरोग्याच्या एखाद्या विषयावर सोप्या भाषेत लिहा, अशी संपादक मंडळाने आम्हास सूचना केली. आम्ही डॉक्टर नाही की शास्त्रज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारे आम्ही साधे कारकून आहोत. परंतु त्याच काउंटरवर एक गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. मुदत ठेव मोडायला किंवा सोनेतारण कर्ज घ्यायला येणाऱ्या माणसाला कारण विचारले, तर बऱ्याच वेळा उत्तर मिळते, "पायात रॉड टाकलाय, तो परत काढायचाय", नाहीतर "आईच्या खुब्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन आहे." पहिले ऑपरेशन माणूस कसेबसे निभावून नेतो. घर कोसळते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ऑपरेशनला. ते दुसरे ऑपरेशन का करावे लागते, आणि ते टाळण्यासाठी जगभरचे संशोधक आज काय खटपट करीत आहेत, हे वाचून, विचारून जेवढे आम्हास समजले तेवढे प्रस्तुत लेखात मांडत आहोत.

धातू शरीरात गेला कसा?

मोडलेले हाड धातूने जोडण्याची कल्पना जुनी आहे. पण जंतूंपुढे तिचे काही चालत नव्हते. कातडी फाटून हाड बाहेर आले, की पाय कापणे किंवा मरण, असे दोनच मार्ग असत. १८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाची जखम कार्बोलिक आम्लाने स्वच्छ ठेवली, आणि तो पाय न कापता बरा झाला. पुढे १८७७ साली लंडनमध्ये याच लिस्टरने गुडघ्याची फुटलेली वाटी चांदीच्या तारेने शिवली. म्हणजे हाडात धातू घालणे आणि जंतू दूर ठेवणे या दोन गोष्टी पहिल्यापासून एकमेकींशी बांधलेल्या आहेत.

सुरुवातीच्या पोलादी पट्ट्या शरीरात गंजत. मग स्टेनलेस स्टील आले, कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू आला आणि टायटॅनियम आले. टायटॅनियमची महती योगायोगाने कळली. १९५२ साली स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे छोटे नळकांडे बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर ते महागडे नळकांडे परत काढायला गेले, तर निघेना! हाड त्याला घट्ट बिलगले होते. १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात उभे केले. तिकडे इंग्लंडमध्ये रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्याची आजची पद्धत सुरू केली. धातूचा गोळा, प्लॅस्टिकची वाटी, आणि ते हाडात पक्के करायला एक प्रकारचे सिमेंट, असा तो मामला होता.

चार्नलींना लवकरच कळून चुकले, की सांधा कितीही उत्तम असला तरी जंतू शिरले की सारे मुसळ केरात. सुरुवातीला त्यांच्या शंभरातील सात-आठ रुग्णांना जंतुसंसर्ग होत असे. त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाभोवती स्वच्छ, गाळलेल्या हवेची स्वतंत्र खोली केली, झगे आणि हातमोजे सुधारले, आणि ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणले. आजही चांगल्या ठिकाणी खुबा किंवा गुडघा बदलताना संसर्गाचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के असते. मात्र अपघातात कातडी फाटून, माती लागून हाड मोडले असेल, तर हेच प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. आणि अशी मोड कोणाची होते? मोटारसायकलवाल्याची, हमालाची, बांधकामावरच्या मजुराची आणि टेम्पोच्या क्लिनरची होते. हे विसरून चालणार नाही.

एस.टी.तील जागा आणि रुमाल

धातू घातला की संसर्ग का वाढतो? १९५७ साली एलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या कातडीवर एक प्रयोग केला. नुसत्या कातडीत पू व्हायला स्टॅफिलोकोकस जातीचे काही दशलक्ष जंतू टोचावे लागले. पण तिथे रेशमाचा एक टाका ठेवला, तेव्हा काही शे जंतूंनीही काम भागले. शरीराबाहेरची वस्तू शरीरात असली, की जंतूंचे बळ असे हजारो पटींनी वाढते.

याचे कारण १९८७ साली अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकन डॉक्टरांनी फार सुंदर शब्दांत सांगितले. ते म्हणाले, ही पृष्ठभागासाठी लागलेली शर्यत आहे. आपल्याकडे गर्दीच्या दिवसांत एस.टी. फलाटाला लागली, की काही जण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. धातूचा रॉड हाडात गेला, की त्याचा पृष्ठभाग म्हणजे अशीच रिकामी गाडी. एका बाजूने हाड तयार करणाऱ्या पेशी जागा धरायला निघतात, दुसऱ्या बाजूने जंतू. पेशींनी आधी जागा धरली तर जंतूंना टेकायला ठिकाण उरत नाही. जंतू आधी पोचले तर पेशींना उभे राहायलाही जागा नाही. आणि जंतू चपळ असतात. ते आकाराने एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. हाडाची पेशी त्यांच्या वीस-तीस पट मोठी आणि संथ. जंतूंना चिकटायला काही मिनिटे ते काही तास पुरतात.

एकदा चिकटले की ते स्वतःभोवती बुळबुळीत चिकट थर विणतात. याला बायोफिल्म म्हणतात. विहिरीच्या पायऱ्यांवरचे बुळबुळीत शेवाळ किंवा सकाळी जिभेला लागणारा दातांवरचा थर आठवा. या थराखाली जंतूंना शरीरातील पांढऱ्या पेशी गाठू शकत नाहीत. औषध आत झिरपले तरी आतले बरेचसे जंतू झोपी गेल्यासारखे असतात, त्यामुळे वाढत्या जंतूंवर चालणारे औषध त्यांना लागू पडत नाही. मोकळ्या जंतूला मारण्यास जेवढे प्रतिजैविक लागते त्याच्या शेकडो, कधी हजार पट औषध या थरातल्या जंतूंना पचते. म्हणून गोळ्या-इंजेक्शने घेईपर्यंत पू थांबतो, आणि बंद केली की पुन्हा वाहू लागतो. शेवटी धातूच काढावा लागतो. काही आठवडे प्रतिजैविक मिसळलेला सिमेंटचा तात्पुरता तुकडा आत ठेवायचा, जंतू गेल्याची खात्री करायची आणि मग नवा सांधा बसवायचा. म्हणजे दोन मोठी ऑपरेशने.

आमच्या घरातीलच उदाहरण सांगायचे, तर आमचे दाजी टेम्पो चालवीत. अपघातात त्यांची नडगी मोडली आणि हाड कातडी फाडून बाहेर आले. एका रुग्णालयात रॉड टाकला. टाक्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा "हे होतंच, ड्रेसिंग करत राहा" असे त्यांना सांगण्यात आले. तीन महिन्यांनी पू वाहू लागला. पुढे दोन ऑपरेशने झाली, रॉड काढून बाहेरून सळ्या लावल्या, ताईचे दागिने तारण गेले. दीड वर्षानंतर दाजी काठी घेऊन चालू लागले. टेम्पो मात्र विकला गेला. कोणाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा जंतू एका कुटुंबाचा ताळेबंद कसा बदलतो, हे आकड्यांपेक्षा अशा उदाहरणाने लवकर कळते.

हाडाला आवडणारा लेप

आमच्या लहानपणी कल्हईवाला गल्लीत येई. तांब्या-पितळेची भांडी घासून, भट्टीवर तापवून, नवसागर टाकून आतून कथिलाचा चकचकीत थर देई. भांड्याचे बळ पितळेचे, पण अन्नाचा संबंध कथिलाशी. त्यामुळे ताक-आमटी कळकत नसे. हाडातील धातूवर लेप देण्यामागची कल्पना अगदी हीच आहे. वजन पेलण्याचे काम टायटॅनियमने करावे आणि शरीराशी संबंध लेपाने ठेवावा.

या लेपाकडून पहिली अपेक्षा अशी, की हाडाने त्याला आपले मानावे. आपल्या हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्यापासून बनलेल्या या खनिजाचा जवळचा भाऊ म्हणजे हायड्रॉक्सिॲपटाइट. याची पूड दहा हजार अंश सेल्सियसहून अधिक तापलेल्या प्लाझ्माच्या झोतातून धातूवर फवारतात. वितळलेले कण धातूवर आपटून थिजतात आणि साधारण ५० ते २०० मायक्रोमीटरचा, म्हणजे जाड कागदाएवढा थर तयार होतो. असा लेप दिलेला खुब्याचा सांधा १९८५ साली लंडनमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी बसवला. हाड अशा लेपाला सिमेंटशिवाय धरते. आज सिमेंटविना बसवल्या जाणाऱ्या अनेक खुब्यांवर हा लेप असतो.

दुसरा पदार्थ म्हणजे जैव-काच. तिची कथा मोठी बोधप्रद आहे. १९६७ साली लॅरी हेंच हे अमेरिकेतील काचविषयाचे प्राध्यापक एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले लष्करी अधिकारी बसले होते. हेंच आपल्या संशोधनाविषयी सांगू लागले, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी विचारले, की शरीर ज्याचा स्वीकार करील असा पदार्थ तुम्हाला बनवता येईल काय? शरीर धातू आणि प्लॅस्टिक नाकारते म्हणून शेकडो जवानांचे पाय कापावे लागत होते. हेंच यांनी हा प्रश्न मनावर घेतला. हाडात कॅल्शियम-फॉस्फेट आहे, तर ते देणारी काच बनवू, असा विचार करून त्यांनी वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के चुना, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड अशी काच १९६९ साली बनवली. उंदरांच्या मांडीच्या हाडात घातलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनी ओढून निघेनात.

ही काच शरीरात गेली, की तिच्यातील सोडियम भोवतीच्या द्रवात उतरतो आणि पृष्ठभागावर सिलिकाची मऊ साय उरते. त्या सायीवर द्रवातील कॅल्शियम आणि फॉस्फेट येऊन बसतात, त्यांचे स्फटिक बनतात, आणि ते हाडाच्या खनिजासारखेच असतात. हाडाच्या पेशींना वाटते, की हे तर आपलेच घर! सोडियम बाहेर पडताना भोवतीचा भाग अल्कधर्मी होतो आणि क्षारांचे प्रमाण वाढते. ते जंतूंना मानवत नाही. फिनलंडमध्ये विकसित झालेली, ५३ टक्के सिलिका असलेली अशी काच हाडाच्या जुनाट संसर्गात, हाड खरवडून झालेली पोकळी भरण्यासाठी वापरली जाते. एकाच पदार्थात हाडाला आमंत्रण आणि जंतूंना मज्जाव, असा हा योग आहे.

मग धातूवर सरळ काचेचाच लेप का देत नाहीत? इथे अडचण आहे. जुन्या इनॅमलच्या मगावर टवके उडालेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. हेंच यांची मूळ काच तापल्यावर टायटॅनियमपेक्षा बरीच जास्त प्रसरण पावते. भट्टीतून काढून थंड करताना काच जास्त आकसते, धातू कमी. मग लेपाला तडे जातात. म्हणून काचेतील घटकांचे प्रमाण बदलून दोघांचे प्रसरण जुळवावे लागते. पण प्रमाण फार बदलले तर हाडाला धरण्याचा तिचा गुण कमी होतो. अशी ही तारेवरची कसरत आहे.

जपानमधील क्योटो विद्यापीठाचे तादाशी कोकुबो यांनी वेगळा मार्ग काढला. वरून काही फासण्याऐवजी त्यांनी टायटॅनियमलाच सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून मग तापवले. त्यामुळे धातूच्याच अंगावर असा पातळ थर येतो, की शरीरातील द्रवातून हाडाचे खनिज आपोआप त्यावर जमते. जो थर धातूतूनच उगवला तो सहजासहजी सुटणार कसा? अशी प्रक्रिया केलेले खुबे २००७ पासून जपानमध्ये रुग्णांना बसवले गेले.

जंतूंना रोखणारा लेप

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हाडाला जे खडबडीत, सच्छिद्र अंग आवडते, ते जंतूंनाही आवडते. त्यामुळे हाडाला धरणारा लेप आपोआप जंतूंना रोखील असे नाही. त्यासाठी निराळी तजवीज करावी लागते. संशोधकांनी आजवर हाताळलेले मार्ग ढोबळपणे चार आहेत.

पहिला मार्ग प्रतिजैविकाचा. जर्मनीत हॅम्बुर्गचे बुखहोल्ट्स यांनी १९७० साली हाडाच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळले. हे सिमेंट आपल्या देशातही सर्रास वापरले जाते. पुढे युरोपात नडगीच्या रॉडवर जेंटामायसिन असलेला, शरीरात विरघळणारा पातळ थर देण्यात आला. उघड्या जखमेच्या मोडींसाठी त्याचा वापर झाला. इटलीत असा एक जेलीसारखा पदार्थ तयार झाला, की ज्यात ऑपरेशनच्या वेळीच डॉक्टर हवे ते औषध मिसळतात आणि धातूवर फासतात. तो थोड्याच दिवसांत विरघळून जातो. या मार्गाचे मर्म वेळेत आहे. पहिल्या काही तासांत आणि दिवसांत औषध भरपूर सुटले पाहिजे, कारण शर्यत तेव्हाच लागलेली असते. आणि नंतर ते पूर्ण थांबले पाहिजे. औषध महिनोन्महिने थोडे थोडे झिरपत राहिले, तर जंतू मरत नाहीत. उलट त्या औषधाला सरावतात. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू आज सर्व जगाची डोकेदुखी झाले असताना हा धोका लहान नाही.

दुसरा मार्ग चांदी, आयोडीन, तांबे, जस्त यांचा. चांदीचे विद्युतभारित कण जंतूच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बंद पाडतात. अनेक ठिकाणी एकाच वेळी घाव बसत असल्याने जंतूला सहज पळवाट मिळत नाही. कर्करोगाच्या गाठीसाठी मांडीचे किंवा नडगीचे मोठे हाड काढून तेथे धातूचे हाड बसवतात, तेव्हा संसर्गाचे प्रमाण फार असते. जर्मनीत म्युन्स्टर येथे अशा रुग्णांत चांदीचा लेप दिलेली हाडे वापरली गेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात साध्या टायटॅनियमला १७.६ टक्के, तर चांदीच्या लेपाला ५.९ टक्के संसर्ग आढळला. रुग्णांची संख्या सव्वाशेच्या आसपास होती, हेही सांगितले पाहिजे. जपानमध्ये कानाझावा विद्यापीठात टायटॅनियमच्या अंगावर सूक्ष्म छिद्रे पाडून त्यांत आयोडीन बसवले गेले, आणि ते दोनशेहून अधिक रुग्णांत वापरल्याचा अहवाल २०१२ साली आला. मात्र चांदी जास्त झाली तर ती हाडाच्या पेशींनाही मारते, आणि शरीरात साठली तर कातडी निळसर-करडी पडते. मिठाचे प्रमाण चुकले की आमटी वाया जाते, तसे हे आहे.

तिसरा मार्ग पृष्ठभागाच्या घडणीचा. २०१२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की सिकाडा या कीटकाच्या पंखावर बसलेले काही जातींचे जंतू तेथील अतिसूक्ष्म टोकांमुळे फाटून मरतात. तेथे औषध नाही की विष नाही. तशीच टोके टायटॅनियमवर उभारण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. याशिवाय विजेच्या प्रक्रियेने टायटॅनियमवर अतिसूक्ष्म नळ्यांचे रान उगवता येते आणि त्या नळ्यांत औषध भरता येते.

चौथा मार्ग सजीवांकडून उसने घेण्याचा. कोळंबी आणि खेकड्यांच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान जंतूंना अटकाव करते आणि शरीरात हळूहळू विरघळते. आपल्या शरीरातच जंतूंशी लढणारे प्रथिनांचे छोटे तुकडे असतात; त्यांच्या नमुन्यावर तसे तुकडे बनवून धातूवर चिकटवण्याचे काम प्रयोगशाळांत चालू आहे.

दोन्ही गुण एका लेपात

खरी कसोटी आहे ती हे दोन्ही गुण एकत्र आणण्याची. जंतूंना मारणारा पण हाडाला दूर लोटणारा लेप म्हणजे सांधा सैल होण्याची हमी. हाडाला धरणारा पण जंतूंना मोकळे रान देणारा लेप म्हणजे पुन्हा ऑपरेशनची हमी. म्हणून हायड्रॉक्सिॲपटाइटमध्ये थोडी चांदी मिसळणे, काचेत तांबे किंवा जस्त घालणे, हाडाच्या वाढीसाठी स्ट्रॉन्शियम आणि जंतूंसाठी चांदी असे दोन्ही एकाच थरात ठेवणे, असे प्रयत्न होत आहेत. जपानच्या सागा विद्यापीठातील डॉक्टरांच्या सहभागाने चांदी मिसळलेल्या हायड्रॉक्सिॲपटाइटच्या लेपाचा खुबा तयार झाला आणि २०१० च्या दशकात तो रुग्णांपर्यंत पोचलाही.

मग असे लेप सर्वत्र का दिसत नाहीत? याची कारणे व्यवहारी आहेत. एक तर मांडीच्या हाडात रॉड किंवा दांडा हातोड्याने ठोकून बसवावा लागतो. त्या घासणीत लेप टिकला पाहिजे. सुटलेला टवका सांध्यात अडकला तर गिरणीच्या जात्यात खडा गेल्यासारखे होते. दुसरे, कारखान्यात निर्जंतुक करताना आणि महिनोन्महिने गोदामात पडून राहताना त्याचा गुण उतरता कामा नये. तिसरे कारण हिशेबाचे आहे आणि ते आम्हा बँकवाल्यांना चटकन पटते. संसर्ग मुळातच दोन टक्क्यांना होत असेल आणि नवा लेप तो एक टक्क्यावर आणतो असे सिद्ध करायचे असेल, तर लेपाच्या आणि बिनलेपाच्या प्रत्येक गटात दोन हजारांहून अधिक रुग्ण घेऊन वर्षानुवर्षे पाहावे लागते. नाहीतर तो योगायोग नव्हे हे कशावरून? हा खर्च मोठा असतो. म्हणून प्रयोगशाळेतील बशीत जंतू मेले, की "शोध लागला" अशी बातमी वाचून हुरळून जाऊ नये. बशी, मग प्राणी, मग थोडे रुग्ण, मग पुष्कळ रुग्ण, अशा पायऱ्या आहेत, आणि पायरी गाळली तर किंमत रुग्ण मोजतो. धातूवर धातू घासणारा एक नव्या धर्तीचा खुबा २०१० साली जगभरातून परत मागवावा लागला, तेव्हा तो हजारो रुग्णांच्या शरीरात बसवून झाला होता.

आपल्या देशात

आपला देश या कामात मागे नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने देशी हृदयाची झडप बनवली, आणि ती १९९० साली प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. याच संस्थेने हायड्रॉक्सिॲपटाइट आणि जैव-काच यांचे मिश्रणही हाडासाठी विकसित केले आहे. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेतही हाडाच्या लेपांवर काम झाले आहे.

किमतीचा प्रश्न मात्र राहतोच. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली; नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ती होती. त्यापूर्वी लोक लाखाच्या वर मोजत होते. नवा लेप आला की किंमत वाढते. पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. लेपाचे काही हजार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दोन ऑपरेशने, वर्षभराची बुडालेली मजुरी आणि तारण गेलेले दागिने. ज्याची मोड उघडी आहे, ज्याला मधुमेह आहे, ज्याचे दुसऱ्यांदा ऑपरेशन आहे, अशांना असा लेप आधी मिळाला पाहिजे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला आधी, असे होऊ नये. संशोधनाइतकाच हा न्यायाचाही प्रश्न आहे.

तोवर आपण काय करावे?

नवे लेप गावोगावच्या रुग्णालयात पोचेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. शर्यतीत आपल्या पेशींना आघाडी मिळवून देणाऱ्या काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

ऑपरेशन ठरवून होणार असेल, तर आधी साखर आटोक्यात आणावी. किडके दात, लघवीतील जळजळ, पायावरची जखम किंवा गळू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. विडी-सिगारेट आणि तंबाखू काही आठवडे आधी बंद करावी, कारण त्याने जखम भरण्यास वेळ लागतो. ऑपरेशनच्या जागेवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी साबणाने स्वच्छ आंघोळ करावी.

ऑपरेशननंतर टाक्यांतून पाणी किंवा पू येत राहिला, लाली, सूज, ताप आला, किंवा कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले, तर ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडे त्वरित जावे. ओळखीच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून खाऊ नयेत. त्याने वरवर बरे वाटते, आतला थर पक्का होतो, आणि पुढे तपासणीत जंतू सापडत नाही, मग नेमके औषध ठरवता येत नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांत धाव घेतली, तर तो बुळबुळीत थर कच्चा असतो आणि जखम धुऊन धातू वाचवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की धातू काढणे आले. "हे होतंच" या शब्दांवर समाधान मानू नये. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणे हा अपमान नव्हे, तो आपला हक्क आहे.

आणखी एक गोष्ट, आम्हा कारकुनी माणसांना साजेशी. बसवलेल्या प्रत्येक सांध्याच्या किंवा रॉडच्या वेष्टनावर कंपनी, आकार आणि क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी असते. तिची प्रत डिस्चार्ज कार्डाबरोबर मागून घ्यावी आणि पासबुकासारखी जपून ठेवावी. पुढे कधी तो सांधा बदलायचा झाला, किंवा कंपनीने माल परत मागवला, तर त्या कागदावाचून फार हाल होतात.

पैशाच्या बाबतीत, राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी शासकीय योजना आहे. आपले ऑपरेशन तिच्यात बसते की नाही, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी करावी. ठेव मोडण्याचा अर्ज नंतर भरावा. आमच्या काउंटरवर येणाऱ्या माणसाने आधी ही चौकशी केलेली असावी, एवढीच आमची इच्छा आहे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. आपल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासतो, तशी हाडात धातू असलेल्यांची एक छोटी यादी करावी, त्यांच्या जखमा भरल्या का हे विचारावे, आणि वरील चार गोष्टी त्यांना सांगाव्यात. यासाठी खर्च काही लागत नाही. ज्याच्या नडगीतून आज पाणी येते आहे, तो या आठवड्यात डॉक्टरकडे गेला तर त्याचा रॉड वाचेल, आणि कदाचित त्याचा टेम्पोही.